टॅपेट कव्हरला फणसाचा चीक

आमच्या घरात वयाने सगळ्यात मोठे आप्पा आणि त्यांच्याखालोखाल मान गाडीचा. दोघांपैकी गळत होती ती गाडी, हे आधीच स्पष्ट करते, कारण आप्पा हे वाचणार आहेत.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कोयना प्रकल्पावर अलोऱ्याच्या कॉलनीत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, आप्पांनी डिझेलची गाडी घेतली. जीपसारखी उंच, चौकोनी आणि ट्रकसारख्या आवाजाची. ती सुरू झाली की शेजारच्यांना कळतं, थांबली की जास्त कळतं. पण आता आप्पांचे गुडघे गेलेत आणि या गाडीचं मोल खरं आत्ताच कळायला लागलंय. नव्या गाड्यांत आप्पांना बसवणं म्हणजे विहिरीत उतरवणं, आणि बाहेर काढणं म्हणजे विहिरीतून वर ओढणं. या गाडीची सीट मात्र नेमकी त्यांच्या बुडाच्या उंचीला येते. बूड टेकवायचं, एक पाय आत, दुसरा पाय आत, झालं. कुणाचा हात लागत नाही. ज्या माणसाला सकाळी खाटेवरून उठतानाही हात द्यावा लागतो, त्याच्यासाठी ही केवढी गोष्ट आहे ते मी रोज बघते.

दुसऱ्या बाजूला सुधीर, म्हणजे माझे यजमान, आणि त्यांचे पेव्हर ब्लॉक. दिवाळीनंतर त्यांनी अंगणात लाल आणि राखाडी ब्लॉक बसवून घेतले. आमच्या लग्नाच्या फोटोकडे त्यांनी कधी इतक्या प्रेमाने पाहिलं नसेल, इतकं ते त्या ब्लॉककडे बघतात. मे महिन्यात एके सकाळी ते दात घासत अंगणात उभे होते आणि अचानक त्यांचं घासणं थांबलं.

"मेधा, हे आणखी काय आहे?"

"डाग," मी म्हटलं.

"कसला?"

"इंजिन ऑइलचा."

"कुठून आला?"

आता अंगणात एकच इंजिन होतं, तरी त्यांनी विचारलं. आप्पांनी ओटीवरून पेपर खाली न करता उत्तर दिलं, "जुनं यंत्र आहे, थोडा घाम यायचाच."

"आप्पा, घाम येतो तो पाण्याचा. आणि घाम पुसता येतो. पहिला डाग मी काल साबणाने घासलाय, परवा सोड्याने घासलाय. तो गेला नाही आणि त्याच्या शेजारी हा दुसरा आलाय." मग जे बोलायचं होतं ते बोलले. "विकू या आता गाडी. गिऱ्हाईक आहे. नवीन घेऊ, छोटी, ऑटोमॅटिक."

पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं गेलं नाही.

"रविवारी नाटे गावाला जायचंय," शेवटी आप्पा म्हणाले. "इब्राहिमच्या नातीचं लग्न आहे."

इब्राहिमभाई म्हणजे आप्पांचे अलोऱ्याच्या कॉलनीतले जोडीदार. एका भिंतीला भिंत लावून दोघांनी उभी हयात काढली. त्या लग्नाला आप्पा जाणारच होते. प्रश्न होता तो हा, की दारात स्वतः उतरून चालत जाणार, की छोट्या ऑटोमॅटिकमधून दोघांनी ओढून काढलेले पोचणार.

"ठीक आहे," सुधीर म्हणाले. ते सरकारी नोकरीत आहेत, अटीशिवाय त्यांना काही मंजूर करता येत नाही. "रविवारी नाट्याला ही गाडी नेऊ. तिथे पोचल्यावर खाली पुठ्ठा टाकायचा. एक थेंब जरी पडला तरी सोमवारी मी गिऱ्हाइकाला फोन करणार."

"मान्य," मी म्हटलं.

मला कुणी विचारलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मिस्त्रीकडे का नेली नाही. मे महिन्यात रत्नागिरीत माणसाने खुशाल आजारी पडावं, डॉक्टर मिळतात. गाडी बिघडू नये. आमच्या मिस्त्रीची स्वतःची हापूसची कलमं आहेत आणि हंगामात तो गॅरेजला कुलूप लावून बागेत राहायला जातो. फोन केला तर म्हणाला, "ताई, पेट्या भरतोय. पाऊस लागल्यावर या."

तेव्हा मी स्वतः करायचं ठरवलं. मला कामाची भीती वाटत नाही. कुठलंही काम छोट्या छोट्या तुकड्यांत कागदावर उतरवलं की ते निम्मं होतं, असा माझा अनुभव आहे. (उरलेल्या निम्म्याबद्दल मी आजवर फारसं बोललेले नाही.) रात्री चार-पाच व्हिडिओ बघितले आणि सकाळी फ्रिजवर कागद लावला: इंजिन धुणे, पावडर मारणे, गळती शोधणे, दुरुस्ती, पुसणे, चहा.

इंजिन धुवायला डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश वापरला. (तो जुना नव्हता असं सुधीर अजून म्हणतात.) मग पावडर. युक्ती अशी की कोरड्या इंजिनवर पांढरी पावडर भुरभुरायची, गाडी सुरू करायची आणि पावडर कुठे ओली होते ते बघायचं. घरात पावडर एकच होती, आप्पांची, चंदनाच्या वासाची. ती अख्खी डबी मी इंजिनवर रिकामी केली आणि आप्पांना हाक मारली.

"आप्पा, मारा चावी."

आप्पा बूड टेकवून, पाय आत घेऊन, चावी मारायला तयारच होते. व्हिडिओत एक गोष्ट सांगितली नव्हती. इंजिनच्या पुढे एक पंखा असतो आणि इंजिन सुरू झालं की तोही सुरू होतो! सुधीर त्याच वेळी ब्लॉकवर पावडर तर सांडत नाही ना, हे बघायला वाकले होते. ढग खाली बसला तेव्हा ते शिमग्याच्या नमनात पांढरं सोंग घेऊन उभं राहिल्यासारखे दिसत होते, फक्त वास चंदनाचा येत होता.

कुंपणाच्या गडग्यापलीकडून शालूकाकीचं डोकं वर आलं. शालूकाकी आमच्या शेजारी एकट्याच राहतात, पण त्यांना एकटं वाटू नये याची काळजी आमचं घर घेतं.

"काय गो मेधा, पूजा आहे काय?"

"नाही काकी, गाडी दुरुस्त करतोय."

"हां," काकी म्हणाल्या आणि सुधीरकडे बघून, "आणि ह्याचं काय बिघडलंय?"

पण पावडरने काम केलं होतं. इंजिनच्या डोक्यावर एक झाकण असतं, टॅपेट कव्हर. त्याच्या कडेने पावडर ओली होऊन काळी पडली होती. ते झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं, ते म्हातारं झालं की तेल झिरपतं आणि मागच्या बाजूने ओघळत खाली येतं. मी झाकण काढलं. पॅकिंग हातात आलं ते पापडासारखं कडक.

बाजारात गेले. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी बैलगाडीचा इंडिकेटर मागत होते. "कोल्हापुरातनं मागवायला लागेल. मंगळवारी येईल."

"मला रविवारी हवंय."

"मग जुनंच पॅकिंग बसवा आणि दोन्ही बाजूंनी सीलंट लावा. मंगळवारपर्यंत काढाल."

सीलंटची ट्यूब घेतली, घरी आणली, हत्यारांच्या डब्याशेजारी ठेवली आणि जेवायला बसले. जेवून आले तर ट्यूब चपटी.

"अहो, ट्यूबमधलं सीलंट कुठाय?"

"ते होय," सुधीर म्हणाले, "कडेचा एक ब्लॉक हलत होता. आता बघ, हलतोय का."

ब्लॉक खरंच हलत नव्हता. मी परत बाजारात गेले, तर दुकानदार शटर ओढून लग्नाला गेलेला. शनिवार दुपार, लग्नसराई, मोटारीच्या सुट्या भागांची गावातली सगळी शटरं खाली. मला वाटतं ते सगळे एकाच लग्नाला गेले होते.

मी ओटीवर येऊन बसले. आप्पा गाडीच्या उघड्या बॉनेटकडे बघत होते, जसं दवाखान्याच्या बाकावर बसलेलं माणूस आतल्या दाराकडे बघतं. मग सहज, स्वतःशीच म्हणाले, "आमची आई फुटका माठ चिकाने सांधायची. गरम करून लावायचीन, दगडासारखा व्हायचा."

मी ताठ बसले.

गडग्यापलीकडे शालूकाकी परसात फणस घेऊन बसल्या होत्या. विळीला, हातांना, मनगटांपर्यंत खोबरेल चोपडलेलं. फणस कापताना निघेल तो पांढरा चीक त्या एका काठीला गुंडाळत होत्या. काठीच्या टोकाला लिंबाएवढा गोळा झाला होता.

"काकी, तो चीक द्याल का?"

"ने की. माठ फुटला?"

"गाडीला लावायचाय."

काकींनी काठी माझ्या हातात देता देता एक क्षण थांबवली. "गाडीला," त्या म्हणाल्या. मग, "तू शिकलेली आहेस बाई, तुला कळेल," असं म्हणून दिली.

गॅसवर चीक तापवला. तो मधासारखा सैल झाला. जुन्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी लावला, पॅकिंग जागेवर बसवलं, वरून झाकण, बोल्ट आवळले. असं लिहिलं की सोपं वाटतं. प्रत्यक्षात पाना हाताला चिकटला, हात बॉनेटला चिकटला, कपाळावर आलेला केस मागे सारला तर तो कपाळाला चिकटला. फोन वाजला, तो कानाला लावला आणि पलीकडून नणंदेने फोन ठेवला तरी फोन कानालाच! सुधीरनी तो ओढून काढला.

"आता तू कशी सुटणार?" त्यांनी विचारलं.

"खोबरेल आणा. तेलाने चीक सुटतो, एवढं तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी बाटली आणली. मी हातांना, कानाला, कपाळाला तेल चोळलं आणि दोन मिनिटांत सगळा चीक सुटून आला. हात असे स्वच्छ, की बघत राहावं. तेलापुढे चीक टिकत नाही, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही ते तोंडाने म्हणून दाखवलं, हाताने करून दाखवलं, आणि ज्या इंजिनमध्ये पाच-सहा लिटर तेल भरलेलं आहे त्याचं झाकण त्याच चिकाने सांधून समाधानाने झोपायला गेले.

रविवारी सकाळी पुठ्ठा कोरडा होता. रात्रभर थंड असलेलं इंजिन कशाला गळेल? पण त्या वेळी तो मला विजय वाटला. सुधीरनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला, आंब्याच्या खोक्याचा होता, त्याच्यावरच्या छापील हापूसवरही डाग नव्हता. तो त्यांनी काखेत मारला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आप्पा झब्बा घालून, बूड टेकवून, एक पाय, दुसरा पाय, पुढे. मी चालवायला. डिकीत मी ऑइलचा कॅन ठेवला होता. (विश्वास होता. पण कॅन पण होता.)

पावस गेलं तोपर्यंत सगळं ठीक. पूर्णगडची खाडी ओलांडली आणि गाडीत एक वास आला. गोडसर.

"कुणीतरी फणसाची सांदणं करतंय," आप्पा म्हणाले.

आडिवरे आलं तेव्हा सांदणं करपली होती.

"मेधा, काच वर कर," मागून सुधीर म्हणाले.

मी काच वर केली. वास आतच होता. बॉनेटच्या फटीतून बारीक धूर यायला लागला होता, पण मी तो कुणाला दाखवला नाही. आप्पांना तो दिसत होता. त्यांनीही तो मला दाखवला नाही. आम्ही दोघं समोर बघत, हवा किती छान आहे यावर बोलत राहिलो.

नाट्याला इब्राहिमभाईंच्या दारात मांडव होता. गाडी थांबली. आप्पांनी दार उघडलं, एक पाय बाहेर, दुसरा पाय बाहेर, आणि काठी टेकून उभे राहिले. कुणाचा हात लागला नाही. इब्राहिमभाई मांडवातून लगबगीने आले, तेही काठी टेकत.

"आलास शेवटी, दिनू."

"आलो. आणि कुणाच्या खांद्यावर नाही आलो."

"खांद्यावर यायला अजून वेळ आहे आपल्याला," इब्राहिमभाई म्हणाले आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. "धूर कसला?"

"स्वयंपाकाचा असेल तुमच्या," मी म्हटलं.

सुधीर तोवर गुडघ्यांवर बसून पुठ्ठा गाडीखाली सारत होते. मीही वाकले. जे दिसलं ते सांगते. तेल टॅपेट कव्हरमधून आलं होतं, इंजिनवरून ओघळत खाली आलं होतं, आणि येताना सोबत सगळा वितळलेला चीक घेऊन आलं होतं. इंजिनच्या तळाशी एक टपोरा काळा थेंब लोंबत होता. पण तो पडत नव्हता. चिकाच्या तारेला तो धरून होता. तार लांबायची, थेंब पुठ्ठ्याच्या दिशेने खाली यायचा, आणि मग तार त्याला परत थोडा वर घ्यायची.

"गळतेय," सुधीर म्हणाले.

"पडलेला नाही," मी म्हटलं.

"पडणार."

"अट पडण्याची आहे."

मांडवातली चार माणसं येऊन वाकली. नवऱ्याकडच्या एका पाहुण्याने, जो दुबईला गॅरेजमध्ये होता, सांगितलं की असं इंजिन त्याने तिकडेही पाहिलेलं नाही. दुसऱ्याने खात्री दिली की आता पडेल. थेंब खाली आला, सगळे आणखी वाकले, थेंब वर गेला, सगळे सरळ झाले. मांडवातून कुणीतरी "नवरी आली का?" असं विचारल्याचं मला ऐकू आलं.

निकाह लागला. जेवणाची हाक आली. इब्राहिमभाई स्वतः बोलवायला आले.

"सुधीर, बिर्याणी निवतेय रे. काय बघतोस तिथे?"

"तुम्ही व्हा पुढे काका, मी आलोच."

मी आप्पांच्या शेजारी बसले. पण मला माझ्या जागेवरून गाडी दिसत होती आणि गाडीपाशी उकिडवे बसलेले सुधीर दिसत होते. इकडे आप्पा आणि इब्राहिमभाई अलोऱ्याच्या कॉलनीतल्या कुठल्याशा साहेबाची गोष्ट एकमेकांना सांगत होते. दोघांनाही ती पाठ होती, तरी हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आप्पा म्हणत होते, "पुढच्या महिन्यात येतो परत. गाडी आहे की." हसण्याच्या आवाजाने सुधीरनी मान वर करून मांडवाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, गाडीखाली हात घातला, आणि थेंब मुठीत धरला.

पुठ्ठा घडी करून ते आमच्या समोर येऊन बसले.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

"नाही पडला," सुधीर म्हणाले. "पुठ्ठा कोरडा आहे."

"मी म्हटलं नव्हतं? जुनं यंत्र आहे," आप्पा म्हणाले आणि घास तोंडात गेला.

सुधीरनी मात्र जेवणाला हात लावला नाही. म्हणजे लावता येत नव्हता. उजवी मूठ मिटलेली होती आणि ती उघडत नव्हती. इब्राहिमभाईंनी आग्रह केला, त्यांनी "डाव्या हाताने जेवायची सवय करतोय" असं काहीतरी सांगितलं. मी उठले, आत गेले आणि घरातल्या सूनबाईंकडे थोडं खोबरेल मागितलं. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. लग्नघर होतं, मागच्या दारी फणस कापलेलेच होते.

परत येताना मी वाटेत ऑइल भरलं, गाडी हळू चालवली, आणि सुधीर मागच्या सीटवर डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत बसले. मी त्यांना आजवर काही विचारलेलं नाही. गिऱ्हाइकाला फोनही गेलेला नाही.

मंगळवारी पॅकिंग आलं. ते बसवायला मी बॉनेट उघडलं, तर गरम बाजूचा चीक सगळा वितळून गेलेला आणि थंड बाजूचा दगडासारखा झालेला. झाकण हलेना. शेवटी मिस्त्रीला बागेतून बोलावून आणावं लागलं. तो कपाळाला आठ्या घालून आला, झाकणाच्या कडेवर नख मारलं, वास घेतला, आणि आमच्याकडे वळला.

"हे कुणी केलंन?"

"आधीच्या मिस्त्रीने," मी म्हटलं.

"या गाडीला पहिल्या दिवसापासून मीच आहे, ताई."

आप्पा पुढच्या सीटवर बसले होते, ते माझ्या मदतीला धावले. "सूनबाईंनी केलंन. पण गाडी नाट्याला नेलीन आणि आणलीन, हे लक्षात घे."

मिस्त्रीने पुन्हा एकदा झाकणाकडे पाहिलं. त्याचा आवाज जरा मऊ झाला. "ताईंनी कधी फणस कापला नसणार. नाहीतर चीक तेलाने सुटतो हे कुणीही सांगेल. कुठल्या तुम्ही? घाटावरच्या?"

माझं माहेर लांज्याचं. परसात ओळीने फणस. हातात विळी यायच्या आधी माझ्या हाताला तेल लागलेलं आहे.

"हो ना," मी म्हटलं. "आमच्याकडे कुठले फणस."